नाशिकचा ताण, काटोलची जमीन

काटोल तालुक्यातली आमची संत्र्याची बाग माझ्या हाताने आजारी पडली. रोग बाहेरून आला, निसर्गाने दगा दिला, असं मी बरीच वर्षं सांगत राहिलो. ते खरं नव्हतं. नवी लागवड करणाऱ्या पोरांनी तेच पुन्हा करू नये, म्हणून झालं ते सांगतो.

पहिली चूक लागवडीतच झाली. जमीन काळी, कसदार. वरची माती पाहूनच मी खूश होतो. खाली चिकण मातीचा थर होता आणि त्यातून पाणी झिरपतच नव्हतं. संत्र्याच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. म्हणून अशा जमिनीत गादीवाफे करून, पाण्याला वाट देऊन झाडं लावायची असतात. मी सपाट रानात खड्डे घेतले, त्यात कलमंही खोल गेली. डोळा बांधलेली जागा मातीपासून चांगली वीतभर वर राहायला हवी होती. माझ्या बागेत ती मातीला टेकली.

दुसरी चूक मी नाशिकहून आणली. राज्याने 2001 मध्ये वाईन धोरण आणलं, पुढे विंचूरला वाईन पार्क झालं, तेव्हा आम्ही काही जण तिकडच्या बागा पाहायला गेलो. वाईनच्या द्राक्षाला मोठा मणी नको असतो. मणी लहान राहिला की रसाच्या मानाने साल जास्त मिळते, आणि लाल वाईनचा रंग सालीतूनच उतरतो. म्हणून तिथले बागाईतदार पाणी हात राखून देत होते, वेलीचा जोर आवरायला लिहोसिन फवारत होते. मला वाटलं, आपला मृग बहार तरी कशावर येतो? पाणी तोडून दिलेल्या ताणावरच. मग ताण वाढवला तर बहार आणखी जोरात फुटेल.

तिथली मुरमाड जमीन आणि ठिबक मी पाहिलं, पण त्यांचा अर्थ लक्षात घेतला नाही. त्या जमिनीत पाणी तोडलं की वेलीला लगेच कळतं आणि सोडलं की तितक्याच लवकर ती सावरते. आमची काळी माती आधी ओल सोडत नाही, आणि सोडली की हात जाईल एवढ्या भेगा पडून तंतुमुळं तुटतात. त्यातून नागपूरकडचा मे महिना, पारा पंचेचाळीसवर. पानं मलूल होऊन साधारण पाव हिस्सा गळली की ताण तोडायचा असतो. मी फांद्या उघड्या पडेपर्यंत थांबलो.

मग धास्तीने पाटाचं मोकाट पाणी सोडलं. पहिलं पाणी हलकं द्यायचं, हे ठाऊक असूनही बुंध्याशी डबकी साचू दिली. शेजारच्या काकांनी बांधावरून बजावलं होतं, "बाबू, पाणी मुळाले दे, बुडाले नको." मी ऐकलं नाही.

त्या वर्षी बाग फुलांनी लदली. व्यापारी आला, सौदा ठरला, मी इसार घेतला आणि माझी युक्ती बरोबर होती असं चारचौघांत सांगत फिरलो. मला सगळ्यात जास्त खंत याची आहे. बुंध्याची साल सडत गेली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही, ते वरच अडकतं. असं झाड मरण्याआधी भरभरून फळतं. मी फळं मोजत होतो. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या होत्या, त्या पाहिल्याच नाहीत.

पावसाळ्यात एका बुंध्यावर डिंकाचा तांबूस ओघळ दिसला. नखाने खरवडलं तर साल ओल्या पुठ्ठ्यासारखी सुटून आली. आत तपकिरी पट्टा जमिनीपर्यंत गेला होता. तो डिंक्या होता, फायटोफ्थोरा बुरशीचा. लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र तेव्हा नागपुरातच होतं. त्यांच्या शिफारशी मी झाडं वाळायला लागल्यावर वाचल्या.

सडलेली साल खरवडली. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी अशी बोर्डो पेस्ट बुंध्याला लावली. आता ती पावसाळ्याआधी आणि नंतर न चुकता लागते. वाळलेल्या फांद्यांची सल काढली. दुहेरी आळी केली, म्हणजे आतल्या आळ्यात बुंधा कोरडा राहतो आणि पाणी बाहेरच्या आळ्यात फिरतं. तरीही कितीतरी झाडं उपटावी लागली. ती माझ्या वडिलांच्या डोळ्यांदेखत उपटली.

दुसऱ्या मुलखातली विद्या जरूर शिकावी, पण ती कोणत्या मातीत उभी आहे हे आधी विचारावं. लागवडीआधी रानात कमरेइतका खड्डा खणा, पाण्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पाहा. पाणी तसंच उभं असेल तर चर काढा, गादीवाफे करा. एवढं करायची तयारी नसेल, तर त्या रानात संत्रा लावू नका.