अजून काही ऐकू आलेले नाही

वेस्ट व्हर्जिनियातील ग्रीन बँक हे डोंगरांच्या कुशीतले लहानसे गाव. आमच्या मेरीलँडमधील घरापासून मोटारीने पाचएक तासांच्या अंतरावर आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही सहकुटुंब तेथे गेलो. गाव यायच्या बरेच आधी मोबाइलची रेंज नाहीशी झाली. सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचा हा टापू १९५८ पासून रेडिओ-शांततेसाठी राखून ठेवलेला आहे. कारण आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणी येथे आहेत. पाहुण्यांना दुर्बिणीकडे डिझेलच्या बसमधून नेतात. पेट्रोलच्या इंजिनातील ठिणगीसुद्धा त्या यंत्राला गोंगाट वाटते.

सुमारे १०० मीटर व्यासाची ती पांढरी तबकडी समोर आली, तेव्हा मी माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला मोठ्या उत्साहाने सांगू लागलो, की परग्रहावर कोणी आहे का याचा शोध याच गावात सुरू झाला, आणि एवढ्या अफाट विश्वात कोठे ना कोठे जीवसृष्टी असणारच. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पप्पा, देवाचा पुरावा नाही म्हणून आपण देव मानत नाही. मग यांचा तरी पुरावा कुठे आहे? 'असणारच' असं तुम्ही कसं म्हणता?"

मी निरुत्तर झालो. दरवर्षी १४ ऑक्टोबरला तिच्याकडून बावीस प्रतिज्ञा म्हणून घेणारा मी, आमच्या मंडळाच्या बालवर्गात 'पुराव्यावाचून काही मानू नका' असे शिकवणारा मी. आणि पुराव्यावाचून बोलताना पकडला गेलो तोही मीच. "घरी गेल्यावर बोलू," एवढेच म्हणालो. त्या बोलण्याची ही मांडणी आहे.

पहिली गोष्ट कबूल केली पाहिजे. 'असणारच' हा शब्द चुकीचा होता. 'असू शकेल' एवढेच मला म्हणता आले असते. ही शक्यता हवेतून आलेली नाही. आपल्या शरीरातील कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन ही मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात तयार झाली आणि ती विश्वात सर्वत्र आहेत. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह १९९५ मध्ये सापडला. आज सूर्यमालेबाहेरील ज्ञात ग्रहांची संख्या सहा हजारांहून अधिक झाली आहे. मात्र जीवसृष्टीचे उदाहरण आपल्यापाशी एकच आहे, आणि एका उदाहरणावरून नियम सांगता येत नाही. म्हणूनच ईश्वर न मानणाऱ्यांतही या प्रश्नावर एकमत नाही. कार्ल सेगन यांना विश्व जीवसृष्टीने गजबजलेले असण्याची आशा वाटे. नोबेल पारितोषिक मिळवणारे फ्रेंच जीवशास्त्रज्ञ झाक मोनो यांना मात्र जीवनाचा उगम हा इतका विरळा योगायोग वाटला, की या उदासीन विश्वात माणूस एकटाच आहे असे त्यांनी लिहिले. दोघांची उत्तरे परस्परविरुद्ध. पण उत्तरासाठी ईश्वराकडे कोणीच गेले नाही. निरीश्वरवादी असणे म्हणजे आकाश रिकामे आहे असे मानणे नव्हे, आणि ते भरलेले आहे असे मानणेही नव्हे.

मग देवाच्या प्रश्नात आणि या प्रश्नात फरक कोणता? तो मला ग्रीन बँकच्याच इतिहासात सापडला. १९६० च्या एप्रिलमध्ये फ्रँक ड्रेक या तरुण खगोलशास्त्रज्ञाने येथील २६ मीटरची दुर्बीण टाउ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन जवळच्या ताऱ्यांकडे वळवली. दुसऱ्या ताऱ्याकडे वळवताच जोरदार ठोके ऐकू आले. विचार करा, त्या क्षणी त्या माणसाच्या मनात काय झाले असेल! पण त्याने दवंडी पिटली नाही. ठोके पुन्हा येतात का, आणि ते खरोखर ताऱ्याच्याच दिशेने येतात का, हे तो तपासत राहिला. ते पृथ्वीवरचेच, बहुधा उंचावरून जाणाऱ्या विमानाचे होते. सुमारे दीडशे तास ऐकल्यानंतर त्याने जे सांगितले त्याचे सार इतकेच, की काही मिळाले नाही.

आजही हीच रीत आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात एका विशिष्ट वायूच्या खुणा दिसल्याचे सांगितले. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म जीव निर्माण करतात. जगभर बातम्या झळकल्या. पण हा पुरावा अद्याप पुरेसा नाही हे त्या संशोधकांनीच सांगितले होते, आणि इतरांनी तीच निरीक्षणे पुन्हा तपासून शंका उपस्थित केल्या. त्यांना कोणी पाखंडी म्हटले नाही. जो दावा खोटा ठरण्याची तयारी ठेवतो, त्याच्याशी आपले भांडण नाही. आपले भांडण आहे ते तपासणीलाच पाप ठरवणाऱ्या दाव्याशी.

येथे दोन मोहांविषयी लिहिणे भाग आहे, कारण ते आपल्या घरांत शिरले आहेत.

पहिला मोह आकाशातून कोणी कर्ता येण्याचा. आमचे एक मामा निवृत्त शिक्षक आहेत. देव्हारा त्यांनी कधीच काढून टाकला. त्यांनीच मला एक व्हिडिओ पाठवला. वेरूळचे कैलास लेणे परग्रहवासीयांनी कोरले, कारण एवढा खडक माणसांना फोडता येणे शक्यच नाही, असा त्याचा दावा. १९६८ साली एरिक फॉन डॅनिकेन यांच्या पुस्तकाने अशा कल्पना जगभर लोकप्रिय केल्या. मामांना त्यात आपल्या मातीचा गौरव वाटला. मला मात्र त्यात जुनाच डाव दिसला. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना पांडवलेणी म्हणायचे, वेरूळच्या दहाव्या लेण्याचा कर्ता विश्वकर्मा ठरवायचा, आणि आता परग्रहवासी. नावे बदलतात, छिन्नी धरणारा हात मात्र दर वेळी पुसला जातो. कार्ल्याच्या चैत्यगृहात एक छोटा शिलालेख आहे. धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केले, अशी त्यात नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एका सुताराचे नाव दगडावर कोरणारी ती परंपरा होती. ज्यांच्या पूर्वजांचे श्रम कोणी मोजले नाहीत, त्यांनी तरी ते श्रम आकाशाला दान करू नयेत.

दुसरा मोह माझा स्वतःचा. काही वर्षांपूर्वी वैशाख पौर्णिमेच्या कार्यक्रमात मी अभिमानाने सांगितले होते, की पाली साहित्यात हजारो सूर्य-चंद्र असलेल्या हजारो लोकधातूंचे वर्णन आहे, म्हणजेच परग्रहांचा शोध बुद्धांनी आधीच लावला होता. टाळ्या पडल्या. अंगुत्तर निकायात तसे वर्णन आहे हे खरे. पण त्याच वर्णनात देवलोकही आहेत. सोयीचे तेवढे उचलायचे आणि त्याला विज्ञान म्हणायचे, हेच तर पुष्पक विमानवाले करतात. त्यांना हसणारा मी त्यांच्याच पंगतीत बसलो होतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना चार दृश्ये पाहून झालेल्या गृहत्यागाची प्रचलित कथासुद्धा बुद्धीला पटत नाही म्हणून बाजूला ठेवली. श्रद्धेय ग्रंथालाही तर्काची कसोटी लावण्याचे ते धैर्य आपण मिरवतो. ते पाळणे अधिक कठीण आहे.

बुद्धांचा या प्रश्नाशी खरा संबंध मला वेगळ्या ठिकाणी दिसतो. मज्झिम निकायात मालुंक्यपुत्त विचारतो, की लोक शाश्वत आहे की अशाश्वत, सान्त आहे की अनंत? उत्तर मिळाले नाही तर तो संघ सोडून जाणार असतो. बुद्ध त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त देतात. बाण कोणी मारला, धनुष्य कशाचे होते, हे कळेपर्यंत बाण काढू न देणारा माणूस मरून जाईल. काही मंडळी यावरून म्हणतात, की मग दुर्बिणी हव्यात कशाला? मला तसे वाटत नाही. बुद्धांनी शोधाला मनाई केली नाही. आपले आचरण त्या उत्तरावर टांगून ठेवू नका, एवढेच सांगितले. विश्वात आपण एकटे असू किंवा नसू, शेजाऱ्याशी कसे वागायचे हे त्यावर ठरत नाही.

हे मी लिहितो आहे, पण ते मला पूर्वीच कोणी सांगून ठेवले होते. आमचे गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या अलीकडे. १९९० च्या दशकात शेजारच्या खोडद परिसरात महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे काम सुरू झाले. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ एकाच जागी आणि उरलेल्या १६ तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या कामावर बिगारी होते. पायाच्या काँक्रीटची घमेली त्यांनी वाहिली. एका रात्री अंगणात त्यांनी मला विचारले, "ती यंत्रं ताऱ्यांचं ऐकणार म्हणे. तिकडं कोणी असलंच, तर त्यांच्यातही कोणाची वस्ती गावकुसाबाहेर असंल का रे?"

मी तेव्हा शाळेत होतो. मला हसू आले होते. पुढे कळले, की १९६१ मध्ये ड्रेकने ग्रीन बँक येथे जे प्रसिद्ध समीकरण मांडले, त्यातील शेवटचा घटक अण्णांच्या प्रश्नाजवळच येतो. तारे किती, ग्रह किती, जीवन किती ठिकाणी, या सगळ्यानंतर तो विचारतो, की संदेश पाठवण्याइतका प्रगत झालेला समाज टिकतो किती काळ? त्याचे उत्तर दुर्बिणीत दिसणार नाही. बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता वरवरची ठरतात, असे बाबासाहेब २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगत होते; तो प्रश्नही समाज टिकण्याचाच होता.

ग्रीन बँकहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावी फोन लावला. तिकडे दिवेलागण झाली होती. मुलीने आजोबांना विचारले, "तुम्ही खरंच टेलिस्कोप बांधलात?"

"पाया भरला बाळा. वरचं दुसऱ्यांनी केलं," अण्णा म्हणाले. मग त्यांनी विचारले, "तिकडच्या यंत्राला काही ऐकू आलं का?"

तिने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही.

"अजून नाही, आजोबा," ती म्हणाली. "इतकी वर्षं ऐकतायत, पण अजून काही ऐकू आलेलं नाही."

"नाही आलं तर नाही म्हणून सांगतात ना?" अण्णा म्हणाले. "मग बरं आहे."