परकं डोकं

चार्ल्स टाउनली मला भेटला योहान झोफनीच्या चित्रात. लंडनच्या पार्क स्ट्रीटवरचं त्याचं घर, पुस्तकांची खोली, आणि पाऊल ठेवायला जागा नाही इतक्या संगमरवरी मूर्ती. खरं तर त्या घरभर होत्या. झोफनीने सगळ्या एका खोलीत आणून बसवल्या. टाउनली खुर्चीत, जमिनीवर कुत्रा, टेबलावर क्लिटीचा अर्धपुतळा. फुलाच्या पाकळ्यांतून वर आलेली, मान जराशी झुकवलेली तरुणी.

अठराव्या शतकातले इंग्रज जमीनदार तरुणपणी इटली पाहून येत आणि येताना मूर्ती आणत. अनेकांना त्यात प्रतिष्ठा दिसे. टाउनलीचा जीव मात्र खरोखर त्यांच्यात गुंतला होता. 1780 च्या जूनमध्ये लंडनमध्ये कॅथलिकांविरुद्ध दंगल उसळली. टाउनली कॅथलिक. घर सोडताना त्याने क्लिटीला उचलून सोबत नेलं, असं सांगतात. तिला तो आपली बायको म्हणे.

म्हणून त्याच चित्रातला थाळीफेक्या मला फार सलतो. तो तिवोलीला, हेड्रियन बादशहाच्या प्रासादात 1790 मध्ये सापडला, आणि झोफनीने 1798 मध्ये त्याला जुन्या चित्रात जागा करून दिली. त्याच्या धडावरचं डोकं त्याचं नाही. बसवलंय तेही चुकीचं, नजर खाली. याच शिल्पाची दुसरी प्रत रोममध्ये 1781 मध्येच मिळाली होती. तिच्यात मान मागे, थाळीकडे वळलेली. पायापासून चढत आलेला अंगाचा पीळ त्या वळणात पुरा होतो. टाउनलीच्या मूर्तीत तो खांद्याशीच थांबतो. तुटकी मूर्ती डागडुजी करून, धडधाकट करूनच विकायची, ही तेव्हाच्या रोमच्या बाजाराची रीत. 1805 मध्ये टाउनली गेला, ब्रिटिश म्युझियमने त्याच्या संगमरवरी मूर्ती 20,000 पौंडांना घेतल्या. ते डोकं आजही तिथे तसंच आहे.

टाउनलीच्या संग्रहात आपल्या घारापुरीच्या लेण्यातलाही एक कोरीव तुकडा होता. रिचर्ड पेन नाइटने 1786 च्या आपल्या पुस्तकात त्याविषयी लिहिलं आहे. क्लिटीला जिवापाड जपणाऱ्या माणसाकडेच आपल्या लेण्याचा तुकडा असावा, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. त्याच्या प्रेमाबद्दल मला तेव्हाही शंका आली नाही, आणि तुकड्याचं दुःखही कमी झालं नाही.

त्यानंतर लाँचने घारापुरीला गेलो, ते थेट नटराजापाशी. पाय उरलेले नाहीत, बरेच हात मध्येच संपलेले. कुणी परके पाय आणून जोडलेले नाहीत. मी कमरेच्या वळणापाशी उभा राहिलो. तिथे नाच चालूच होता.