दाराशी असलेला लाजर

विचुंब्याच्या आमच्या सदनिकेत, एका पावसाळी दुपारी, मी जॉन स्टाइनबेक यांची १९३९ सालची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी वाचत होते. ओक्लाहोमातील जोड कुटुंब कसत्या जमिनीवरून हुसकावले जाते आणि कॅलिफोर्नियाच्या समृद्ध मळ्यांत अर्धपोटी मजुरी करते, हे वाचून माझे डोळे पाणावले.

इतक्यात भांडी घासणाऱ्या मावशी खिडकीबाहेर पाहत सहज म्हणाल्या, “ताई, इथंच आमचं खाचर होतं.”

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि या पट्ट्यात शहर वाढत गेले. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी १९८४ साली जासई परिसरात पाच शेतकऱ्यांनी गोळीबारात प्राण गमावले. हा इतिहास मला ठाऊक होता. मावशींचे खाचर मात्र ठाऊक नव्हते.

लूकच्या शुभवर्तमानातील धनवानाने लाजराला मारले नव्हते की हाकलले नव्हते. दाराशी पडलेल्या त्या जिवाची त्याने दखलच घेतली नाही, एवढाच त्याचा अपराध! आमच्या घरी मावशींचा चहाचा कप निराळा असे. दर रविवारी मिस्साबलिदानात एकाच भाकरीत सहभागी होणाऱ्या मला त्यात कधी काही वावगे वाटले नव्हते.

तो कप मी त्याच संध्याकाळी काढून टाकला. पगार वाढवायला मात्र आणखी एक महिना लागला.