सेकंदाला बारा

टेम्पो १८० बीपीएम, एका बीटमध्ये चार आघात. म्हणजे सेकंदाला १२ आघात, दर दोन आघातांत जेमतेम ८३ मिलिसेकंद. आमच्या गाण्यात असे ३२ बार सलग आहेत. पाऊण मिनिटाच्या आत ५१२ आघात, एकाच मनगटानं.

एकच तार वर-खाली इतक्या भरभर छेडायची की सुटे आघात विरघळून सलग सूर ऐकू यावा, याला ट्रेमोलो पिकिंग म्हणतात. डिक डेलनं १९६२ साली ‘मिसिरलू’ अशीच वाजवली; पुढे ब्लॅक मेटलवाल्यांनी अख्खी गाणी याच्यावर उभी केली. आपल्या कानांना हे नवीन नाही. सरोदवरचं दा-रा-दा-रा ऐका. किंवा गणपतीच्या आधी म्हात्रे पुलाजवळ पथकांचा सराव चालतो, तेव्हा ताशाची तर्री ऐका. काडी घट्ट आवळणाऱ्याची तर्री तुटते. सैल हातवाल्याची वाहते.

आमचा ड्रमर जानेवारीत जर्मनीला गेला, जायच्या आधी ड्रम्स वाजवून ठेवून. कॉलेजपासूनच्या बँडचं हे बहुतेक शेवटचं गाणं. बाकी होती फक्त माझी गिटार.

माझा स्टुडिओ म्हणजे कोथरूडच्या फ्लॅटमधली माझी खोली. अ‍ॅम्प लावला तर खालचे आजोबा वर येतील, म्हणून गिटार थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये, अ‍ॅम्प लॅपटॉपच्या आत आणि आवाज हेडफोनमध्ये. रेकॉर्ड करताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवतो, गुणगुण बरीच कमी होते.

सलग आवाजाचं बरंचसं काम लॅपटॉपच्या अलीकडेच होतं. पातळ पिक तारेवर फडफडतं; जाड, गोल टोकाचं पिक घ्यायचं आणि किंचित तिरकं धरायचं, म्हणजे ते तारेत अडकत नाही, घसरतं. बोटांबाहेर टोक अगदी थोडं ठेवायचं. नेक पिकअप लावून टोनचा नॉब थोडा खाली आणला की पिकची टकटक मऊ होते. डिस्टॉर्शन जितकं हवंसं वाटतं, त्यापेक्षा कमी. तेच मुळात आवाज दाबून सपाट करतं. जास्त झालं की सूर कमी आणि खरखर जास्त. कॉम्प्रेसर मोठे-लहान आघात एका पातळीवर आणेल, पण खाली जाणारा आघात जाड आणि वर येणारा पातळ असेल, तर तो फरक त्याच्या हाती नाही. त्यासाठी ९० बीपीएमवर बसून ‘दा’ आणि ‘रा’चं वजन सारखं करावं लागतं. दिवसभर कीबोर्ड बडवलेल्या हाताला रात्री हे जड जातं.

ड्रमरला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, “अरे, एक चांगला बार वाजव आणि ३२ वेळा पेस्ट कर. कोणाला कळतंय?”

इंजिनिअरला पटणारंच उत्तर. पण तोच बार पुन्हा पुन्हा आला की कान दोन-तीन सेकंदांत ओळखतो, मशीनगन वाटते. शिवाय एक अडचण त्याच्याच ड्रम्समध्ये होती. शेवटच्या आठ बारमध्ये तो पुढे धावतो. गॅदरिंगच्या पहिल्या शोपासून धावतो. क्लिक कानात असूनही धावलाय. पेस्ट केलेली गिटार ग्रिडवर बरोबर बसली असती आणि त्याच्या मागे पडली असती.

त्याचे ड्रम्स ग्रिडवर ओढणं पाच मिनिटांचं काम होतं. मी क्लिक बंद केला, हेडफोनमध्ये फक्त त्याचे ड्रम्स ठेवले आणि सगळे ३२ बार सलग वाजवले. मग पुन्हा एकदा. एक टेक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्हींत बारीक फरक असतात, म्हणून एकातल्या फटी दुसरा भरतो. एकच टेक दोन्हीकडे ठेवला तर हे होत नाही.

ग्राफवर पाहिलं तर शेवटचे आठ बार ग्रिडच्या पुढे आहेत. डोळे मिटून ऐकलं तर एकसंध आहेत, कारण आम्ही दोघं सारखेच पुढे आहोत.