थंडगार ऑफिसातली डोकेदुखी

पुण्यात माझं करसल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. रस्त्याचा आवाज आणि धूळ नको म्हणून मी खिडक्यांना फिक्स काचा बसवल्या आणि स्प्लिट एसी लावला. एसी बाहेरची हवा आत घेतो, अशी माझी पक्की समजूत. प्रत्यक्षात तो खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. बाहेरचं युनिट फक्त उष्णता बाहेर टाकतं.

उन्हाळ्यात जेवणानंतर सगळे जांभया देऊ लागले, डोकी धरू लागले. जीएसटीच्या रिटर्नमध्ये आकडे चुकू लागले. मी माणसांनाच बोल लावला. आमच्या एक मॅडम ऐन मे महिन्यात शाल पांघरून बसायच्या आणि खाती जुळेनात की फाईल घेऊन जिन्यात जायच्या. ‘सर, तिथं पटकन जुळतं,’ म्हणायच्या. मला तो कामचुकारपणा वाटला; मस्टरवर हाफ डे लावले.

नवे एसी २४ अंशांवरच सुरू व्हावेत, असा नियम २०२० पासून आहे. मी मात्र रोज सकाळी रिमोट घेऊन १८ करायचो. वर एअर प्युरिफायर घेतला. तो धूळ गाळतो, पण श्वासातून साचणारा कार्बन डायऑक्साइड तसाच राहतो, हे मी विचारलंच नव्हतं. शेवटी एका अशिलानं कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर आणून टेबलावर ठेवला. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाखांत सुमारे ४२० भाग असतो. दुपारी चारला आमचा आकडा दोन हजारांपुढे गेला होता. हार्वर्डच्या संशोधकांच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर साडेनऊशेच्या आसपासच निर्णयक्षमतेचे गुण घसरले होते.

मग मी दुसरं टोक गाठलं. काचा काढल्या आणि एसी चालू ठेवून खिडक्या सताड उघडल्या. वीजबिल भडकलं, टेबलांवर धुळीचा थर बसला. आता रस्त्याकडची खिडकी बंद असते, मागच्या बोळाकडची किंचित उघडी, वर एक्झॉस्ट फॅन. एसी २६ वर आणि जोडीला छताचा पंखा. एक अंश वाढवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. आमचं बिल उतरलं आणि शालही घरी गेली.

मॅडमची माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘ठीक आहे सर, पण ते हाफ डे?’ पुढच्या पगारात ते पैसे परत केले.