रात्रीची गोळी

इंग्लंडात आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी आईला लिहिलं, 'काल सर्जरीत जाऊन आले, खोकला काही हटत नाही.' तीन आठवड्यांनी उत्तर आलं. बोली आईची, अक्षर भावाचं : 'खयची सर्जरी गो? पोटाची? माका आधी कित्याक सांगलंस नाय?' इकडे डॉक्टरच्या साध्या दवाखान्यालाच सर्जरी म्हणतात, तिथे चाकू नसतो, भिंतीला लावलेल्या खुर्च्या, जुनी मासिकं आणि मोजून दहा मिनिटं असतात, हे समजावायला मला आणखी दोन पत्रं लागली. तरीही शेवटपर्यंत 'सर्जरीवाला डॉक्टर' म्हटलं की तिच्या डोळ्यांत काळजी यायची.

याच सर्जरीच्या लेटरहेडवर 2016च्या फेब्रुवारीत एक पत्र आलं. वर नाव आमच्या डॉक्टरांचं, आतला मजकूर स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाचा. तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता. ती सकाळी घेतलेली बरी की रात्री, हे आम्हाला शोधायचं आहे. अभ्यासात सामील व्हाल का? नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारांत काही बदल होणार नाही.

विद्यापीठाने परस्पर लिहिलं असतं तर ते पत्र मी पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर टाकून दिलं असतं. पण ज्या माणसाने माझ्या मुलाच्या गोवरापासून माझ्या गुडघ्यापर्यंत सगळं पाहिलं, त्याच्या नावाने आलेलं पत्र टाकवत नाही. पुढच्या वेळी गेले तेव्हा त्यांना सरळ विचारलं, 'तुम्हाला काय वाटतं? सकाळ की रात्र?' ते म्हणाले, 'मला माहीत नाही. कुणालाच नीट माहीत नाही. म्हणून तर विचारताहेत.'

घरी येताना बसमध्ये मी त्या उत्तराचाच विचार करत होते. आमच्या गावच्या दवाखान्यात 'माहीत नाही' हा शब्द ऐकल्याचं मला आठवत नाही. तिथे कंपाउंडर बाटलीत लाल मिक्स्चर ओतायचा आणि बाटलीवर कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एका खाचेचा एक डोस. एकदा आईने धीर करून विचारलं होतं, 'डॉक्टरांनू, ह्या कसला औषध?' डॉक्टर मान वर न करता म्हणाले, 'तू घे गो गप.' ती गप घ्यायची, आणि बरीही व्हायची. त्या डॉक्टरांचा मला राग नाही. त्यांच्या खात्रीवर अख्खी पंचक्रोशी निभावून गेली. पण डॉक्टरच्या तोंडून 'माहीत नाही' ऐकून माझी काळजी वाढण्याऐवजी मला मान मिळाल्यासारखं का वाटलं, याचं नवल मला बरेच दिवस वाटत होतं.

मी नाव नोंदवलं. नवरा म्हणाला, 'झालीस एकदाची प्रयोगातला उंदीर.' खरं तर उंदरासारखं त्यात काही नव्हतं. गोळी तीच, माझीच, नेहमीची. सुया नाहीत, चकरा नाहीत. सगळं घरबसल्या संगणकावर. सकाळी सहा ते दहा, की रात्री आठ ते बारा, एवढंच ठरायचं होतं, आणि ते ठरवणार होता संगणक.

इथे मला गावचं देऊळ आठवलं. अडीनडीला गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो, पाषाणाला कळे लावतो आणि सगळे श्वास रोखून बघत राहतात : उजवा पडतो की डावा? संगणकाचा कौल तसाच, फक्त त्याच्या मागे देव नाही. त्याला माझं वय, माझी भीती, माझं पुण्य यातलं काहीही बघायचं नसतं, आणि त्याची खरी गंमत तिथेच आहे. डॉक्टरांनी आपल्या मनाने वाटणी केली असती तर नकळत धडधाकट माणसं एकीकडे आणि कुरकुरणारी दुसरीकडे गेली असती, आणि मग फरक गोळीच्या वेळेचा की माणसांचा, हे कुणालाच सांगता आलं नसतं. मला रात्रीचा कौल आला.

अर्जात एक चौकोन वंशाचा होता. मी 'एशियन'वर खूण केली. निकाल आल्यावर कळलं की भाग घेणाऱ्या दहांतले नऊ गोरे होते. आपल्या लोकांना या देशात हृदयविकार जास्त होतो आणि लवकर होतो, हे इथला प्रत्येक डॉक्टर सांगतो. आणि औषधांचे प्रयोग होतात तेव्हा आपण घरी. मंडळाच्या गणपतीत मी चौघींना विचारून पाहिलं. 'नसती भानगड कशाला?' हेच उत्तर. त्यांना मी नावं ठेवत नाही. 2009 साली आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याचा प्रकल्प झाला, तेव्हा कितीतरी संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. जिथे विचारायचीच पद्धत नव्हती तिथून आलेल्या माणसाला, कुणी विचारलं की आधी संशयच येतो.

माझी रात्रीची गोळी रुळली. जेवण, भांडी, बातम्या, गोळी. मधूनमधून ईमेल यायचं : वेळ पाळताय ना? काही त्रास? मी इमानेइतबारे उत्तर द्यायची. मात्र खरी नजर दुसरीकडूनच होती. मला हृदयविकाराचा झटका आला, पक्षाघात झाला किंवा मी मेले, तर रुग्णालयाच्या नोंदींवरून डंडीला आपोआप कळणार होतं. तशी परवानगी मीच दिली होती. सख्ख्या भावाला कळायच्या आधी एका अनोळखी गावातल्या तक्त्यात माझी भर पडेल, हा विचार पहिल्यांदा अंगावर आला. पुढे त्याची सवय झाली.

2019 साली स्पेनमधला एक मोठा अभ्यास गाजला. रात्री गोळी घेणाऱ्यांना हृदयविकार, पक्षाघात जवळजवळ निम्म्याने कमी होतात म्हणे. व्हॉट्सॲपवर तो मला पाच जणांनी पाठवला. मी लॉटरी लागल्यासारखी खूश. मग त्या अभ्यासाच्या पद्धतीवरच शंका निघू लागल्या. आमचा अभ्यास काय म्हणतो याची वाट बघणं आलं.

त्या दिवसांत मी थोडं वाचत गेले. माझ्यासारख्या सौम्य रक्तदाबाला गोळी द्यावी की नाही, हेही कधीतरी असंच विचारावं लागलं होतं. ब्रिटनमधल्या 176 दवाखान्यांतून 17,354 माणसं त्या अभ्यासात आली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. 1985 साली उत्तर आलं : साडेआठशे माणसांनी वर्षभर औषध घेतलं तर साधारण एक पक्षाघात टळतो. हे वाक्य वाचून मी चहा गार होऊ दिला. साडेआठशेंतल्या त्या एकाला आपण वाचलो हे कधीच कळणार नाही, आणि उरलेल्या 849 जणांना आपण नुसतेच घेत राहिलो हेही कळणार नाही. त्यांच्यातला एखादा आमच्याच गल्लीत बागेचं कुंपण रंगवताना मला दिसलाही असेल. माझ्या पिलबॉक्समधली गोळी त्यांच्याकडून आलेली आहे, आणि आभार मानायला पत्ता नाही.

आमचा निकाल 2022च्या ऑक्टोबरात 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. एकूण 21,104 माणसं. रात्रीवाल्या 10,503 जणांपैकी 362 जणांना झटका किंवा पक्षाघात होऊन रुग्णालयात जावं लागलं किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू आला. सकाळवाल्या 10,601 पैकी 390 जणांना. म्हणजे शंभरांत 3.4 आणि 3.7. संशोधकांच्या हिशेबात हा फरक फरकच नव्हे. गोळी कधीही घ्या.

खरं सांगायचं तर मी खट्टू झाले. इतकी वर्षं रात्र सांभाळली ती काहीतरी निघेल म्हणून. त्यात पाणी काढणारी गोळी रात्री घ्यायची म्हणजे पहाटे तीनला उठणं आलंच. त्या सगळ्या पहाटा डोळ्यांपुढून गेल्या. मग त्या 362वर नजर थांबली. ही माझ्या बाजूची माणसं. माझ्यासारखीच रात्री भांडी आवरून गोळी घेणारी. त्यांच्यात मी नव्हते, यात माझं कर्तृत्व काहीच नाही. मी उरलेल्या दहा हजारांत राहिले, म्हणजे ज्यांना काहीच झालं नाही त्यांच्यात. आणि हिशेबाला आमचं काही न होणंही तितकंच लागतं.

डॉक्टरांना विचारलं, आता कधी घेऊ? ते निवृत्तीला आले होते. म्हणाले, 'आठवेल तेव्हा.' आणि हसले. यावेळी त्यांना माहीत होतं.

गेल्या जानेवारीत भावाचा कुडाळहून फोन आला. त्यालाही आता रक्तदाब निघालाय. तिथल्या डॉक्टरने सकाळी घ्यायला सांगितलंय, शेजारी म्हणतो रात्रीच घे, आणि तू तर त्या अभ्यासात होतीस, तेव्हा तूच काय ते सांग.

'कधीय घे,' मी म्हटलं. 'काय एक फरक पडणा नाय.'

'मगे इतकी वर्सां तुमी केलास काय?'

'ताच शोधून काढला.'

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, 'बरां. यंदा मोहोर बरो इलो हा.'