मिनिटाला 120

फौजेतून परतलो तेव्हापासून कारध्यात मला एकच गोष्ट विचारतात. "भाऊ, तू लढला का नुसता वाजवतच राह्यला?" विचारणारे घरचेच, रागावणार कोणावर? मी महार रेजिमेंटच्या बँडात साइड ड्रम वाजवायचो आणि ड्रमवरची रेजिमेंटची निशाणीही रंगवायचो. रायफल मात्र इतरांसारखीच हातात होती.

माझा हात बसला तो दंडारीत, आमच्याकडच्या लोकनाट्यात. कारध्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की भंडारा, म्हणजे शहर अगदी जवळ. तरी दिवाळी झाली आणि गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागल्या की आमची पावलं शहराकडे वळायची नाहीत. दिवसा गोवाऱ्यांचा नाच, रात्री दंडार. पुरुषच लुगडं नेसून नाचायचे, मी मागे ढोलकी घेऊन. दंडारीची लय सुरुवातीला सावकाश असते, मग रात्रीबरोबर चढत जाते. ढोलकीवाल्यानं हाताकडे नाही, माणसांकडे बघायचं. पुढचा म्हातारा पेंगायला लागला की हात वाढवायचा. ते मला न शिकवता आलं. नाटक असलं तर पडदेही मीच रंगवायचो: एक राजवाडा, एक जंगल आणि एक गावरस्ता, जो कुठल्याही नाटकाला चालायचा.

नागपूरच्या भरतीत घेतला गेलो आणि सागरला रेजिमेंटच्या केंद्रात पोचलो. बँडवाल्याला सूट नसते. धावणं, दोर चढणं, नेमबाजी, सगळं आधी. वाद्य नंतर. मग पचमढी. लष्करी संगीताचं शिक्षण तिथं 1950 पासून चालतं, जनरल करिअप्पांच्या पुढाकारानं सुरू झालेलं. आजवर कानानं वाजवलं होतं, आता पाच रेघांवरची टिंबं वाचायची होती. तीही आली. ढोलकी बोटांनी आणि तळव्यानं बोलते, साइड ड्रम काड्यांनी, मनगटातून. तेही जमलं. जमत नव्हती ती लय. तेज चलला मिनिटाला 120 पावलं, एकेक पाऊल 30 इंचांचं. ना कमी, ना जास्त. चाल रंगात आली की माझा हात आपोआप पुढे पळायचा आणि समोरच्या रांगेचे पाय चुकायचे. उस्ताद मेट्रोनोम लावून शेजारी उभे राहायचे. "ये तेरे गाँव का मेला नहीं है," एवढंच म्हणायचे. समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता वाजवायचं, ही माझ्यासाठी खरी शिक्षा होती.

रंगकामाचंही तसंच. एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन, मध्ये खंजीर, आणि 'यश सिद्धि' हे ब्रीद. पूर्वी या निशाणीत कोरेगावचा स्तंभ होता. पडद्यावरचं जंगल पन्नास हातांवरून झकास दिसतं, जवळ गेलं की नुसते हिरवे फराटे. ड्रमवर ते चालत नाही, कारण सुभेदारसाहेब वीतभर अंतरावरून बघतात.

आता लढाईचं. लढाईच्या वेळी बँडवाले स्ट्रेचर उचलतात, गावात हे कोणाला माहीत नसतं. काश्मीरच्या पोस्टिंगमध्ये ड्रम पेटीत गेले आणि आमच्या खांद्यावर जखमी आले. स्ट्रेचर नेताना पावलं जुळवायची नसतात. पुढच्याचा डावा पाय पडला तर मागच्याचा उजवा पडायला हवा. पावलं जुळली की स्ट्रेचर हेलकावे खातं आणि जखमी कळवळतो. वर्षानुवर्षं पाऊल जुळवून घेतलेल्या आम्हांला ते मुद्दाम मोडायला शिकावं लागलं. चढावर, बर्फात, दम लागलेला असताना. मला त्याबद्दल याहून जास्त बोलवत नाही.

2020 च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि वैनगंगा चढली. ओळखीच्या एका आजीबाईंना बाजेसकट उंचावर न्यायचं होतं. चार पोरं धावली आणि उत्साहानं पाय जुळवून चालू लागली. बाज पाळण्यासारखी डुलायला लागली. आजीबाई ओरडल्या, "पाडता का मले?" मी पोरांना पावलं मोडायला लावली. एकाला ते जमेना, त्याला सोडवून त्याच्या जागी मी लागलो.

मंडईत अजून बोलावतात, पण माझी ढोलकी गणापुरती. पुढे पोरांची कुरकुर सुरू होते, "काका, वाढवा ना जरासा!" हात वाढतच नाही. लोकांकडे बघतो, पेंगणारा दिसतो, तरी मनगट 120 वरच राहतं. मग नव्या पोराकडे ढोलकी देतो. त्याचा हात पळतो, मला टोचतं, आणि माणसं मात्र जागी होतात. नाटकाचे पडदे अजून माझ्याकडेच येतात, पण आता त्यात वेळ फार जातो. जंगलातलं एकेक पान काढत बसतो, आणि कंपनीवाले म्हणतात, "फौजीभाऊ, उद्या खेळ आहे."